बुलेट ३५०चे व्हॉल्व्ह टायमिंग : खुणा जुळल्या, तरी गाडी ओढत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या राजेंद्र नगरातली एक कास्ट आयर्न बुलेट ३५० पूर्ण खोलून बांधली. क्रँकचे काम केले, पिस्टन ओव्हरसाइझ टाकला, दोन्ही कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवट्यांचे गिअर) आणि पिनियन (क्रँकवरचा, त्यांना फिरवणारा छोटा गिअर) बाजारातून नवे आणले आणि गिअरवरच्या खुणा जुळवून बसवले. गाडी सुरू होते, पण किक हलकी लागते. कमी वेगाला कार्बोरेटरमधून उलटे फुसकारे येतात. सिमरोलच्या पुढच्या भेरू घाटात गिअर उतरवूनही दम लागतो. मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर बदला.

कार्बोरेटरला तूर्त हात लावू नका. हलकी किक आणि उलटे फुसकारे ही जोडी पाहिली की पहिला संशय इनलेट, म्हणजे मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह, उशिरा बंद होण्यावर जायला हवा. बाजारातल्या सुट्या कॅमवरच्या आणि पिनियनवरच्या खुणा म्हणजे मारणाऱ्याने ठोकलेला एक ठिपका. गिअरचे दात, कॅमचा उंचवटा आणि चावीचा (पिनियन क्रँकवर अडकवून ठेवणाऱ्या छोट्या तुकड्याचा) खाचा यांचे एकमेकांशी नाते बरोबर असेल तरच त्या ठिपक्याला अर्थ आहे. हे तीन भाग तीन कारखान्यांतून आले असतील तर ते नाते मोजूनच कळते.

टायमिंग चेस्ट, म्हणजे कॅम आणि पिनियनचा कप्पा, उघडण्याआधी अर्ध्या तासाची तीन कामे करा. डिकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडून देणाऱ्या यंत्रणेची) केबल फार ताणलेली नाही ना आणि त्याचा छोटा व्हॉल्व्ह सीटवर नीट बसतो ना, ते बघा. तो गळत असेल तर किक हलकीच लागणार. मग टॅपेट, म्हणजे कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे दांडे. बुलेटमध्ये थंड इंजिनावर क्लिअरन्स, म्हणजे मधली मोकळी फट, शून्य ठेवतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर (सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) असताना पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खडखडता कामा नये. टॅपेट घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही. ‘थंड’ म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. मे महिन्यातल्या इंदुरी दुपारी उन्हात तापलेल्या इंजिनावर हे करू नका, सकाळी करा. तिसरे काम पॉइंटचे, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काचे. ३५०मध्ये ते टॉपच्या ०.८ मि.मी. आधी उघडू लागावेत, ॲडव्हान्सची वजने मिटलेली असताना. पॉइंट उशिरा असतील तर गाडी तापते आणि ओढत नाही, पण त्याने किक हलकी होत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत एकट्या इग्निशनवर खापर फोडून भागणार नाही.

इनलेट उशिरा बंद झाल्याने काय बिघडते ते आकड्यांत सांगतो. ३५०चा स्ट्रोक ९० मि.मी. आहे. समजा पुस्तकातले आकडे (क्रँकचे अंश) असे आहेत : इनलेट टॉपच्या ३० अंश आधी उघडतो आणि बॉटमच्या ६० अंश नंतर बंद होतो, एक्झॉस्ट बॉटमच्या ७५ अंश आधी उघडतो आणि टॉपच्या ३५ अंश नंतर बंद होतो. पुढे उदाहरणासाठी मी हेच आकडे घेतो, तुम्ही तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातले घ्या. बॉटमच्या ६० अंश नंतर पिस्टनला वर जायला साधारण ७२ मि.मी. उरलेले असतात. तोच इनलेट एका दाताने मागे पडून ८० अंशांवर बंद झाला तर उरतात सुमारे ५८. म्हणजे किकच्या वेगाला दाबायला मिळणारे मिश्रण जवळपास एक पंचमांशाने घटले, आणि ते गेले कुठे, तर उलटे कार्बोरेटरमधून बाहेर. इंजिन वेगात असताना आत येणाऱ्या हवेचा जोर ही तूट काही अंशी भरून काढतो. म्हणून अशी गाडी सपाट रस्त्यावर बरी वाटते आणि घाटात उघडी पडते.

आता एक झटपट चाचणी, तिला हेड काढावे लागत नाही. बॅरलच्या बाजूचे टॅपेट कव्हर काढा, प्लग काढा, गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून मागचे चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा. एक्झॉस्ट टॅपेट खाली येत असेल आणि इनलेट नुकता वर चढत असेल, तो ओव्हरलॅपचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतानाचा, टॉप. तिथे पिस्टन थांबवा. वरच्या आकड्यांप्रमाणे इनलेट ३० आधी आणि एक्झॉस्ट ३५ नंतर, म्हणजे या जागी दोन्ही टॅपेट जवळजवळ सारखेच उचललेले असायला हवेत, एक्झॉस्ट किंचित जास्त. एक्झॉस्ट चांगला वर आणि इनलेट जेमतेम हललेला असेल तर कॅम मागे आहेत. उलटे असेल तर पुढे आहेत. एका दाताची चूक डोळ्यांना दिसते. चार-पाच अंशांची दिसत नाही, तिच्यासाठी मोजायला बसावे लागते.

मोजण्याचे सामान फार नाही. डिग्री प्लेट, म्हणजे पूर्ण ३६० अंशांचा चांदा. सीडीवर चिकटवलेल्या चांद्यावर एक अंश साधारण १ मि.मी.चा होतो, २०० मि.मी. व्यासाच्या प्लेटवर तोच पावणेदोन मि.मी.चा. मोठी प्लेटच घ्या. खजुरी बाजारात कुठेही प्रिंट काढून सनमायकाच्या तुकड्यावर चिकटवली तरी चालते, फक्त भोक केंद्रात पाडा. सायकलचा आरा वाकवून काटा करा आणि तो क्रँककेसच्या एखाद्या स्टडला पक्का कसा. ०.०१ मि.मी. वाचणारा, १० मि.मी. प्रवासाचा डायल गेज लागेल. त्याचा चुंबकी स्टँड ॲल्युमिनियमच्या क्रँककेसला चिकटत नाही, आणि बॅरल लोखंडी असले तरी फिन्सवर तो डुगडुगतो. लोहा मंडीतून ६ मि.मी. जाडीची पट्टी आणा, केसच्या दोन स्टडवर नटांनी बसवा आणि गेज तिच्यावर धरा. गेजचा आधार हलला तर सगळे वाचन फुकट जाते, आणि तो हलला हे कळतही नाही.

रीबिल्डमध्ये हेड उतरलेलेच असते, त्याचा फायदा घ्या आणि मोजणी हेडशिवाय, थेट टॅपेटवर करा. हेड बसवून मोजले तर व्हॉल्व्हची स्प्रिंग मध्ये येते. व्हॉल्व्ह बंद होताना ती कॅमला पुढे ढकलते, दातांमधला खेळ दुसऱ्या बाजूला सरकतो आणि बंद होण्याची जागा दोन-तीन अंश आधी दिसते. नुसत्या टॅपेटवर गेजचा हलका दाब असतो, त्यामुळे दात सतत एकाच बाजूने टेकलेले राहतात.

पहिले काम खरा टॉप शोधणे, आणि सगळ्यात जास्त माणसे इथेच चुकतात. प्लगच्या भोकात पेचकस घालून ‘आता वर आला’ म्हणणे टायमिंगसाठी निरुपयोगी आहे. टॉपच्या आसपास क्रँक ५ अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम ०.२ मि.मी. हलतो. बोटाला तो थांबलेलाच वाटतो. त्यासाठी पिस्टन अडवायचा. बॅरलवर आडवी पट्टी, तिच्या मधोमध १० मि.मी.चा बोल्ट, टोक गोल घासलेले. पट्टी हेडच्या दोन स्टडवर कसा आणि बोल्ट एवढा खाली सोडा की पिस्टन टॉपच्या १०-१५ मि.मी. आधीच अडेल. क्रँक हळू फिरवत पिस्टन बोल्टला टेकवा, काट्यासमोरचा आकडा लिहा. उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा, तो आकडा लिहा. दोहोंच्या बरोबर मध्ये टॉप. समजा एका बाजूला ४१ आणि दुसऱ्या बाजूला ४७ आले, तर मधला बिंदू ३ अंशांनी सरकला आहे. प्लेट किंवा काटा ३ अंश सरकवा आणि दोन्हीकडे ४४ येईपर्यंत पुन्हा पाहा. मग बोल्ट काढून टाका. तो विसरून किक मारली तर पिस्टनच्या डोक्याला खड्डा पडतो.

प्लेट बुलेटच्या डाव्या बाजूला, रोटरच्या नटवर बसवणे सोयीचे. तिथून पाहिले तर इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, हे विसरू नका, नाहीतर ‘आधी’ आणि ‘नंतर’ची अदलाबदल होते. नटला पान्हा लावून इंजिनाच्या दिशेने फिरवले तर सरळ आट्याचा नट सुटू लागतो आणि प्लेट घसरते. म्हणून इंजिन टेबलावर असेल तर क्लच धरून प्रायमरी चेनने क्रँक फिरवा. टॉप ठरला की पुढची सगळी मोजणी फक्त इंजिनाच्या दिशेने फिरवत करायची. आकडा चुकून पुढे गेला तर पाव फेरा मागे या आणि पुन्हा पुढे जात थांबा. जराशी मागे ढकलून जागेवर आणलेली क्रँक दातांमधला खेळ वाचनात घालते.

कॉम्प्रेशनच्या टॉपवर दोन्ही टॅपेट कॅमच्या गोल भागावर असतात. तिथे गेज शून्य करा आणि क्रँक दोन्हीकडे वीसेक अंश फिरवून पाहा. सुई ०.०२ पेक्षा जास्त हलत असेल तर कॅमची बुश किंवा केसमधली स्पिंडल ढिली आहे. असल्या स्पिंडलवर टायमिंग मोजत बसणे व्यर्थ, आधी ती दुरुस्त करा. टॅपेटचा तळही याच वेळी बघा. स्टीलची पट्टी उभी धरून उजेडात पाहिले की खळगा पडलेला दिसतो. नव्या कॅमखाली खळगा पडलेला जुना टॅपेट घातला तर कॅम थोड्याच किलोमीटरमध्ये खराब होतो.

आता मोजणीच्या क्लिअरन्सचा मुद्दा. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात दुर्लक्षित आकडा हाच. कॅमचा उंचवटा एकदम सुरू होत नाही. आधी एक लांब, मंद चढ असतो, आवाज कमी व्हावा म्हणून. शून्य क्लिअरन्सवर ‘कुठे उघडतो’ ते पाहिले तर या चढावर सुई कधी हलू लागली ते ठरवताच येत नाही, आणि दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून पुस्तक टायमिंग तपासण्यासाठी एक वेगळा, मोठा क्लिअरन्स देते. गाडी चालवताना तो ठेवायचा नसतो, चालवायचा क्लिअरन्स शून्यच. पुस्तकात ०.०१२ इंच असेल तर ते झाले ०.३० मि.मी. बुलेटचा ॲडजस्टर पुशरॉडच्या खालच्या टोकाला, टॅपेटवरच असतो, त्यामुळे हेडशिवाय हे फार सोपे जाते. टॅपेट ०.३० मि.मी. उचलला गेला ती उघडण्याची जागा, खाली येताना ०.३० उरला ती बंद होण्याची. ज्या इंग्लिश गाड्यांचा ॲडजस्टर वर रॉकरवर असतो, तिथे क्लिअरन्स व्हॉल्व्हपाशी मोजतात. त्यांना टॅपेटवर मोजताना रॉकरच्या दोन हातांचे गुणोत्तर धरावे लागते.

चार आकडे लिहा. इनलेट उघडला, बंद झाला. एक्झॉस्ट उघडला, बंद झाला. लगेच पुस्तकाशी ताडून पाहू नका, आधी दोन बेरजा करा. इनलेट किती अंश उघडा राहिला : ३० + १८० + ६० म्हणजे २७०. आणि त्याचा मध्य कुठे : २७०चे निम्मे १३५, त्यातून ३० वजा, म्हणजे टॉपनंतर १०५. एक्झॉस्टचे ७५ + १८० + ३५ म्हणजे २९०, आणि मध्य टॉपच्या ११० आधी. कॅम कुठे चुकला ते या दोन बेरजा वेगळे करून दाखवतात.

इनलेट २६ आणि ६४, एक्झॉस्ट ७१ आणि ३९ आले असे धरा. कालावधी २७० आणि २९०, अगदी बरोबर. मध्य दोन्हीचे ४ अंश मागे. म्हणजे कॅम चांगले आहेत, फक्त दोन्ही सारखेच मागे पडले आहेत. इथे कॅमला दोष देण्याआधी टॉप पुन्हा शोधा, कारण टॉप चुकला तर नेमके हेच दिसते. टॉप पक्का असेल तर चूक पिनियनच्या खाच्यात किंवा चावीत. दुसरे उदाहरण, इनलेट २४ आणि ५४. मध्य अजूनही १०५, पण कालावधी २५८च. इथे दात किंवा चावी हलवून काही होणार नाही. कॅमचा उंचवटा घासलेला किंवा कमी घडवलेला आहे, नाहीतर तुमचा मोजणीचा क्लिअरन्स जास्त आहे. जुना कॅम टाकून दिला नसेल तर त्याची पूर्ण उचल गेजवर मोजून नव्याशी ताडा. सुट्या भागांत कमी उचलीचे कॅम निघतात.

आणि दाताची चूक? पिनियनचे दात मोजा आणि ३६०ला त्या संख्येने भागा. १८ दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे २० अंश. मध्य त्याच्या आसपास सरकला असेल तर दात चुकला, ४ किंवा ६ अंश सरकला असेल तर दात चुकलेला नाही. एकच व्हॉल्व्ह सरकला असेल तर चूक त्याच्या कॅमच्या दातांत. दोन्ही सारखेच सरकले असतील तर चूक पिनियनपाशी. ४ अंशांची चूक काढायला म्हणून दात बदलणारे लोक गाडी १६ अंश दुसऱ्या बाजूला नेतात.

उंचवटा मंद असेल किंवा ०.३०वर वाचन दरवेळी वेगळे येत असेल तर मध्य दुसऱ्या रीतीनेही काढता येतो. टॅपेट सगळ्यात वर गेला की गेज शून्य करा. पुन्हा फेरा मारून चढताना शिखराच्या ०.५० मि.मी. खाली असताना अंश लिहा, उतरताना ०.५० खाली असताना लिहा. टॉपनंतर ७३ आणि १३७ आले तर मध्य १०५. हेच १.०० मि.मी.वर करून पाहा. दोन्ही वेळा मध्य एकच आला तर कॅम दोन्ही बाजूंनी सारखा आहे आणि आकडा भरवशाचा आहे.

तुमच्या लक्षणांवरून माझा अंदाज एका दाताचाच आहे. दात बदलायला पिनियन काढावा लागत नाही, कॅम बाहेर ओढून एक दात फिरवून घाला, पुन्हा चारही आकडे मोजा आणि बरोबर बसलेल्या जागी स्वतःची खूण करा, बारीक ग्राइंडरने. बाजारू ठिपके रंगाने खोडा, नाहीतर पुढच्या वेळी इंजिन उघडणारा पुन्हा तेच जुळवील. पिनियन काढावाच लागला तर त्याच्या पुढचा, ऑइल पंप फिरवणारा वर्म नट उलट्या आट्याचा आहे. आपल्याकडे दुकानात त्याला उलटी चूडी म्हणतात. नेहमीच्या दिशेने जोर लावून क्रँकच्या टोकाचे आटे खाल्लेल्या गाड्या कमी नाहीत.

३ अंशांपर्यंतचा फरक रोजच्या गाडीत तसाच सोडावा असे माझे मत आहे, विशेषतः दोन्ही कॅम किंचित पुढे असतील तर. खालच्या वेगाला ओढ उलट बरी मिळते. त्याहून जास्त असेल तर पायरीची चावी बनवतात, खालचा अर्धा भाग क्रँकच्या खाच्यात, वरचा अर्धा बाजूला सरकलेला. शाफ्टचा व्यास २० मि.मी. असेल तर एका अंशाला ०.१७ मि.मी. सरक लागते, म्हणजे ४ अंशांना ०.७. पोलोग्राउंडच्या किंवा सांवेर रोडच्या मिलिंगवाल्याला हे आकडे लिहून द्या, ‘थोडी सरकवून दे’ असे सांगू नका. चावी कानशीने घासून ढिली बसवणे हा उपाय नाही. ढिली चावी खाचा खाते, आणि मग क्रँकच बदलावी लागते.

टायमिंग हलवले, हेड घासले किंवा पिस्टन बदलला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधले अंतर पाहणे टाळू नका. मुलांच्या खेळण्यातली क्ले पिस्टनवर व्हॉल्व्हच्या जागी ५ मि.मी. जाड लावा, वर तेलाचा हात फिरवा. हेड जुन्या गास्केटवर कसून टॅपेट शून्यावर आणा. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडले तर जोर लावू नका. हेड काढून क्ले ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा. इनलेटखाली दीड आणि एक्झॉस्टखाली दोन मि.मी.पेक्षा कमी नको. एक्झॉस्ट जास्त तापतो, लांबतो, म्हणून त्याला जास्त. पिस्टनशी सगळ्यात जवळीक टॉपवर होत नाही, साधारण दहा अंश अलीकडे एक्झॉस्टची आणि दहा अंश पलीकडे इनलेटची होते. त्यामुळे नुसता टॉपवर अडकत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

बांधणी करताना कॅमच्या उंचवट्यांना आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट लावा, नुसते तेल नको. मोजणीसाठी क्लिअरन्स हलवला असेल तर टॅपेट पुन्हा शून्यावर आणायला विसरू नका. कव्हर लावण्याआधी टायमिंग चेस्टमध्ये थोडे तेल ओता. सुरू झाल्यावर रॉकरच्या तेलनळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल वर येते का ते पाहा, एक-दोन मिनिटांत आले नाही तर बंद करा. पहिली दहा मिनिटे गाडी अगदी मंद ठेवू नका, जरा वरच्या वेगाला ठेवा, म्हणजे कॅमवर तेल उडत राहील. रात्रभर थंड झाल्यावर टॅपेट पुन्हा पाहा, आणि ५०० कि.मी.नंतर आणखी एकदा. नव्या सीटवर व्हॉल्व्ह थोडे आत बसतात, पुशरॉड घट्ट होतात, आणि तेव्हाही किक हलकी लागू लागते. कारण मात्र तेव्हा वेगळे असते.

हायड्रॉलिक टॅपेटच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या) इंजिनाला यातले ०.३० मि.मी.चे गणित लागू नाही. तिथे टॅपेट तेलाने भरलेला नसेल तर उचलच खोटी वाचली जाते.